फ्रान्समध्ये २०२७ ला अध्यक्षपदासाठी कोण कोण उभं राहणार, हे आपलं आपण कसं ओळखायचं

फ्रान्सच्या निवडणुकीची बातमी आपल्याकडं येते ती बहुतेक मतदानाच्याच आठवड्यात, दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले असतात आणि आपल्याला वाटतं निवडणूक म्हणजे हे दोघंच. पण खरं राजकारण त्याच्या आधीच्या वर्षभरात होऊन गेलेलं असतं, कोण उभं राहतंय, कोणाला कोर्टानं अडवलंय, कोण ऐनवेळी सह्या कमी पडल्या म्हणून बाहेर गेलंय. हे सगळं फ्रेंच येत नसलं तरी नीट फॉलो करता येतं. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणारी मुलं, तिकडं मास्टर्सला गेलेले, यूपीएससी करणारे, किंवा नुसतीच जगाच्या राजकारणाची आवड असलेले, सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पाया पक्का करून घ्या. अध्यक्ष मॅक्रॉन या वेळी उभे राहू शकत नाहीत. फ्रेंच राज्यघटनेच्या कलम ६ मध्ये २००८ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून सलग दोनच टर्म मिळतात आणि त्यांच्या २०१७ आणि २०२२ अशा दोन झाल्या. मधे एक टर्म सोडून २०३२ ला ते परत येऊ शकतात, पण २०२७ च्या यादीत त्यांचं नाव लिहूच नका. त्यांची मुदत १३ मे २०२७ ला संपते आणि पहिली फेरी मुदत संपायच्या ३५ ते २० दिवस आधी घ्यावी लागते, मतदान तिकडं रविवारी असतं, म्हणजे हिशोबानं ११ किंवा १८ एप्रिल हे दोनच रविवार उरतात. दुसरी फेरी त्यानंतर दोन आठवड्यांनी.

दोन फेऱ्यांचं गणित डोक्यात बसलं की उमेदवार असं का वागतात ते आपोआप कळायला लागतं. १९६५ पासून लोक थेट अध्यक्ष निवडतायत आणि आजपर्यंत एकदाही पहिल्याच फेरीत कोणाला निम्म्याहून जास्त मतं मिळालेली नाहीत, दरवेळी दुसरी फेरी होते आणि त्यात फक्त पहिले दोघं जातात. म्हणजे पहिल्या फेरीत सगळ्यांना आवडायची गरजच नाही, पहिल्या दोघांत आलात की झालं. २००२ मध्ये १६ उमेदवार होते, मतं इतकी फुटली की कट्टर उजव्यांचे जाँ-मारी ल पेन (मारीन ल पेन यांचे वडील) १६.८६ टक्क्यांवर दुसऱ्या फेरीत गेले आणि पंतप्रधान असलेले डाव्यांचे जोस्पँ १६.१८ वर बाहेर पडले, फरक दोन लाखांहूनही कमी मतांचा. डाव्या मतदाराला ती रात्र अजून विसरता आलेली नाही, आणि म्हणूनच तिकडं "कोण उभं राहणार" एवढाच महत्त्वाचा प्रश्न "कोण बसणार" हा असतो.

आता कामाला लागू. एक वही घ्या नाहीतर मोबाईलवर शीट उघडा, आणि प्रत्येक नावापुढं चार रकाने करा: स्वतः उभं राहतो म्हणालेत का, पक्ष मागे उभा आहे का, कायद्याची अडचण आहे का, आणि ५०० सह्या जमतील का. हे चारही सुटले तर तो उमेदवार, नाहीतर नुसता संभाव्य, मग टीव्हीवर कितीही दिसू दे. पोलमध्ये किती टक्के हा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही, का ते पुढं सांगतो.

सुरुवात कट्टर उजव्यांपासून करा कारण बाकीचे सगळे त्यांच्याकडं बघून हालचाल करतात. रासांब्लमां नासिओनाल हा पक्ष, मारीन ल पेन त्यांच्या नेत्या, २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तीन वेळा लढल्या, शेवटच्या वेळी दुसऱ्या फेरीत ४१.४५ टक्के घेतले. ३१ मार्च २०२५ ला पॅरिसच्या कोर्टानं त्यांना दोषी ठरवलं. आरोप असा की युरोपियन पार्लमेंटनं असिस्टंटच्या पगारासाठी दिलेला पैसा पक्षाचं काम करणाऱ्या माणसांवर खर्च झाला. शिक्षा ४ वर्षांची, त्यातली २ स्थगित आणि २ घरी इलेक्ट्रॉनिक पट्टा लावून, १ लाख युरो दंड, आणि ५ वर्षं निवडणूक लढवायला बंदी. ही बंदी ताबडतोब लागू केली होती हे नीट लक्षात घ्या, कारण एरवी फ्रान्समध्ये अपील केलं की शिक्षा थांबते, इथं ती थांबली नाही आणि सगळा गदारोळ त्यावरूनच झाला. अपिलाची सुनावणी जानेवारी-फेब्रुवारी २०२६ मध्ये झाली आणि निकालासाठी ७ जुलै २०२६ ही तारीख दिली गेली. तुम्ही हे वाचताय तेव्हा ती तारीख उलटून गेली असेल तर बाकी सगळं सोडून आधी तो निकाल शोधा, आणि "दोषी की निर्दोष" एवढ्यावर थांबू नका, बंदी किती काळाची आणि कधीपासून मोजायची हे वाचा, उमेदवारी त्या एका ओळीवर ठरते.

ल पेनना जमलं नाही तर जोर्दां बार्देला हे त्या पक्षानं उघड सांगितलंय. जन्म १९९५ चा, पॅरिसच्या उत्तरेकडच्या सेन-सँ-दनी भागात वाढलेला मुलगा, २०२२ पासून पक्षाध्यक्ष, आणि २०२४ च्या युरोपियन निवडणुकीत त्याच्या यादीला ३१ टक्क्यांच्या वर मतं पडली. त्याच रात्री मॅक्रॉननी संसद बरखास्त केली इतका तो धक्का मोठा होता. लोक म्हणतात कोर्टानं उमेदवार ठरवणं लोकशाहीला धरून नाही, मला ते पटत नाही, जो कायदा छोट्या गावाच्या मेयरला लागतो तो अध्यक्षपदाच्या उमेदवारालाही लागलाच पाहिजे. पण यादी करताना तुमचं-माझं मत बाजूला ठेवायचं आणि दोन ओळी करायच्या, एक ल पेन, एक बार्देला, दोघांपैकी एकच शेवटपर्यंत राहणार. याच बाजूला एरिक झेमूर पण आहेत, २०२२ ला ७.०७ टक्के, त्यांच्या पक्षातल्या सारा नाफो यांचंही नाव चर्चेत असतं.

मधला गट आणि जुना उजवा गट मी एकाच पानावर लिहितो, कारण मतदार जवळजवळ तोच आहे. एदुआर फिलीप, ल आव्रचे मेयर, मॅक्रॉनचे पहिले पंतप्रधान (२०१७ ते २०२०), त्यांनी २०२१ ला स्वतःचा ओरिझोन पक्ष काढला आणि सप्टेंबर २०२४ मध्येच उभं राहणार म्हणून सांगून टाकलं, एवढ्या लवकर सांगायचं धाडस फार कमी जणांनी केलं. गाब्रिएल अताल, ३४ व्या वर्षी पंतप्रधान झालेले, आता मॅक्रॉनच्या रनेसान्स पक्षाचे प्रमुख, पण मॅक्रॉनशी अंतर ठेवूनच असतात. ब्रुनो रतायो हे रेपुब्लिकँ पक्षाचे, मे २०२५ मध्ये जवळपास तीन चतुर्थांश मतं घेऊन पक्षाध्यक्ष झाले, आधी गृहमंत्री होते, फेब्रुवारी २०२६ मध्ये त्यांनी उमेदवारी जाहीर केली. झाव्हिए बेर्त्रां उत्तरेकडच्या ओ-द-फ्रान्स प्रांताचे प्रमुख, तेही बरीच वर्षं तयारीत आहेत. आणि दोमिनिक द विल्पँ, २००३ मध्ये इराक युद्धाच्या विरोधात युनोमध्ये भाषण केलेले तेच, नंतर २००५ ते २००७ पंतप्रधान होते, २०२५ मध्ये त्यांनी स्वतःचा नवा पक्ष काढला आणि गाझाच्या प्रश्नावर ठाम बोलल्यामुळं डाव्या तरुणांतही त्यांना ऐकणारे मिळाले.

या पानावर एकच गोष्ट बघायची, माघार कोण घेतंय. हे तिघं-चौघं शेवटपर्यंत उभे राहिले तर एकमेकांची मतं खाऊन कोणीच दुसऱ्या फेरीत जाणार नाही, हे त्या सगळ्यांना माहितीये, म्हणून २०२६ च्या हिवाळ्यात कोण कोणाच्या सभेला गेला, कोणी मुलाखतीत "एकच उमेदवार हवा" म्हटलं, अशा बारीक बातम्या पोलपेक्षा जास्त सांगून जातात. अर्थात प्रत्येकाला दुसऱ्यानं बसावं असंच वाटत असतं, त्यामुळं एकीचं आवाहन केलं म्हणजे माणूस बसायला तयार झाला असं धरू नका.

डावीकडं सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो आणि मला स्वतःला तिथंच जीव गुंतवून वाचावंसं वाटतं. जाँ-ल्यूक मेलांशाँ, १९५१ चा जन्म, त्यांची तीन वेळची मतं बघा: २०१२ ला ११.१०, २०१७ ला १९.५८, २०२२ ला २१.९५. दरवेळी वर. २०२२ ला दुसऱ्या फेरीपासून ४ लाख २१ हजार मतांनी राहिले आणि त्याच निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाच्या फाबिआँ रुसेल यांना ८ लाखांवर मतं होती, त्यावरून डाव्यांची आपसात अजून भांडणं होतात. त्यांच्या पक्षात, म्हणजे ला फ्रान्स ॲंसुमीजमध्ये, नाव ठरवायला कोणाशी चर्चा करायची गरजच पडत नाही.

बाकीच्या डाव्यांचं म्हणणं असं की मेलांशाँ दुसऱ्या फेरीत गेले तरी जिंकणार नाहीत, म्हणून आपण आपला एक उमेदवार निवडू. त्यासाठी प्रायमरी घ्यायचं ठरलं आणि ११ ऑक्टोबर २०२६ ही तारीख जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाली. इकॉलॉजिस्ट पक्षाच्या मारीन तोंदलिए, मेलांशाँपासून वेगळे झालेले फ्रांस्वा रुफँ आणि क्लेमांतीन ओतँ, आणि २०२४ मध्ये डाव्या आघाडीनं पंतप्रधानपदासाठी ज्यांचं नाव पुढं केलं होतं त्या ल्यूसी कास्ते, ही त्यातली नावं. पण राफाएल ग्लुक्समान, ज्यांच्या यादीला २०२४ च्या युरोपियन निवडणुकीत १३.८३ टक्के मिळाले, ते या प्रायमरीत यायला तयार नाहीत, मेलांशाँ तर नाहीतच. शिवाय माजी अध्यक्ष ओलांद २०२४ पासून परत खासदार आहेत, त्यांचंही नाव मधून मधून वर येतं. म्हणून डावीकडची प्रायमरी वाचताना दोन प्रश्न विचारा, ती खरंच होतेय का, आणि हरलेला माणूस जिंकलेल्याच्या मागे उभा राहतोय का. जानेवारी २०२२ मध्ये "प्रिमेर पोप्युलेर" नावाचं असंच मतदान झालं, क्रिस्तियान तोबिरा जिंकल्या, बाकीच्यांनी ते मानलंच नाही आणि महिन्याभरात त्या शर्यतीबाहेर होत्या.

तोबिरा बाहेर कशा पडल्या तर सह्यांमुळं, आणि हा सह्यांचा नियम नीट समजून घ्या कारण संभाव्य आणि खरा उमेदवार इथंच वेगळे होतात. उमेदवाराला निवडून आलेल्या ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, मेयर, खासदार, सिनेटर, प्रांतिक आणि जिल्हा पातळीवरचे सदस्य वगैरे, असे सही करू शकणारे साधारण ४२ हजार लोक आहेत आणि त्यातले बहुसंख्य छोट्या छोट्या गावांचे मेयर. सह्या कमीत कमी ३० वेगवेगळ्या जिल्ह्यांतून हव्यात आणि एका जिल्ह्यातून ५० पेक्षा जास्त धरत नाहीत. एका प्रतिनिधीची सही एकालाच, दिली की परत घेता येत नाही. २०१७ पासून सगळ्या सह्या नावानिशी जाहीर होतात, त्यामुळं चारशे-पाचशे वस्तीच्या गावातला मेयर सही करायला कचरतो, कारण दुसऱ्या दिवशी गावात सगळे विचारणार की याला का दिलीस.

२०२२ चे आकडे बघा म्हणजे कळेल. रेपुब्लिकँ पक्षाच्या पेक्रेस यांच्याकडं २,६३६ सह्या, पॅरिसच्या तेव्हाच्या मेयर आन इदाल्गो यांच्याकडं १,४४०, मेलांशाँकडं ९०६, झेमूरकडं ७४१, ल पेनकडं ६२२, आणि तोबिरांकडं फक्त २७४. मतं मोजली तेव्हा १,४४० सह्यांवाल्या इदाल्गोंना १.७५ टक्के आणि ६२२ वाल्या ल पेन दुसऱ्या फेरीत. सह्या म्हणजे पक्षाचं गावोगावचं जाळं किती आहे त्याचं माप, लोकप्रियतेचं नाही. म्हणून ज्याच्याकडं जुना पक्ष नाही, मेयर नाहीत, अशा नव्या नावापुढं, मग ते विल्पँ असोत की कोणी टीव्हीवरचं, सह्यांच्या रकान्यात शेवटपर्यंत प्रश्नचिन्हच ठेवा. सह्या जमा करायची मुदत पहिल्या फेरीच्या आधीच्या सहाव्या शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता संपते, घटना परिषद म्हणजे कॉन्सेई कॉन्स्तित्युसिओनेल आठवड्यातून दोनदा तिच्या साईटवर मोजणी टाकते, आणि त्या काळात ते पान उघडून बसणं हा माझ्या मते सगळ्यात सोपा आणि पक्का मार्ग आहे, कारण तिथं कोणाचं विश्लेषण नाही, नुसती नावं आणि आकडे.

सह्यांनंतर पैसा. आपल्याकडं डिपॉझिट जप्त होतं तसं तिकडं ५ टक्क्यांची रेषा आहे. त्यावर मतं मिळाली तर सरकार प्रचाराचा खर्च ठरलेल्या मर्यादेच्या ४७.५ टक्क्यांपर्यंत परत देतं, २०२२ ला ते साधारण ८० लाख युरोपर्यंत जात होतं. रेषेच्या खाली राहिलात तर जेमतेम ८ लाख. पेक्रेस ४.७८ वर अडकल्या, स्वतःच्या नावावर ५० लाख युरोचं कर्ज आहे म्हणून दुसऱ्याच दिवशी लोकांकडं देणग्या मागायला लागल्या. ल पेनना तर फ्रेंच बँका कर्ज देत नव्हत्या, २०२२ साठी हंगेरीच्या एका बँकेकडून १ कोटी ६ लाख युरो घेतले. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत एखादा उमेदवार पोलमध्ये चार-पाच टक्क्यांवर लोंबकळत असेल तर तो माघार घेईल का हे पैशाच्या बाजूनं बघा, भाषणाच्या बाजूनं नको.

आता पोल. वाचा, पण कसे वाचायचे ते सांगतो. फ्रेंच पोलवाले, इफोप, इप्सॉस, एलाब वगैरे, एकाच सर्व्हेत चार-पाच वेगवेगळ्या उमेदवार याद्या लोकांपुढं ठेवतात, एकीत बार्देला आणि फिलीप, दुसरीत बार्देला आणि अताल, तिसरीत ग्लुक्समान नसलेली डावी बाजू. आपल्याकडं बातमी येते "फिलीप इतक्या टक्क्यांवर" आणि ते कोणत्या यादीतले टक्के हेच लिहिलेलं नसतं. मूळ तक्ता शोधा, यादी बघा, मग आकडा. हजार लोकांच्या सर्व्हेत २० टक्के म्हटलं तर खरं १७.५ पण असू शकतं आणि २२.५ पण, आणि दुसऱ्या जागेसाठीची सगळी मारामारी तेवढ्याच पट्ट्यात चालते.

आणि वर्षभर आधीचा आवडता उमेदवार तिकडं किती वेळा पडलाय ते बघा. १९९५ ला बालादूर नक्की येणार म्हणत होते, त्यांच्याच पक्षाचे शिराक आले. २०११ च्या मे महिन्यापर्यंत डॉमिनिक स्ट्रॉस-कान पुढं होते, न्यूयॉर्कला अटक झाली आणि ओलांद अध्यक्ष झाले. २०१६ मध्ये सगळे जुपे जुपे करत होते, उजव्यांच्या प्रायमरीत फियाँ जिंकले, मग बायकोच्या पगाराचं प्रकरण जानेवारी २०१७ मध्ये छापून आलं आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिपद सोडलेला, नोव्हेंबरमध्ये उमेदवारी जाहीर केलेला ३९ वर्षांचा माणूस, म्हणजे मॅक्रॉन, अध्यक्ष झाला. २०२२ ला मात्र पोलनी सांगितलेली जोडीच दुसऱ्या फेरीत आली, म्हणजे पोल नेहमीच चुकतात असंही नाही. पण प्रचार सुरू व्हायच्या आधीचे पोल लोकांना कोण माहितीये एवढंच सांगतात.

आपल्यासाठी एक जास्तीचा रकाना सुचवतो, अणुऊर्जा. रत्नागिरीत जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या ६ फ्रेंच अणुभट्ट्यांचा प्रकल्प वर्षानुवर्षं चर्चेत आहे, त्या बनवणारी ईडीएफ कंपनी २०२३ पासून पूर्ण फ्रेंच सरकारची आहे, म्हणजे अध्यक्ष कोण होतो याचा कोकणाशी सरळ संबंध येतो. उजवे आणि कट्टर उजवे अणुऊर्जेच्या बाजूनं, डाव्यांत कम्युनिस्ट बाजूनं पण मेलांशाँ आणि इकॉलॉजिस्ट विरोधात. जैतापूरच्या आंदोलनात असलेल्यांनी किंवा प्रकल्प हवा म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे बघावं. आणि भारतात मतदार पण आहेत बरं का, पुदुच्चेरीत फ्रेंच नागरिकत्व राखलेली कुटुंबं आहेत, ती तिथंच मतदान करतात.

बातम्यांसाठी इंग्रजीत फ्रान्स २४ आणि आरएफआय आहेत, ल मोंदची इंग्रजी आवृत्ती आहे, फ्रेंच साईट असेल तर ब्राउझरचं भाषांतर आता बऱ्यापैकी चालतं, फक्त आकडे आणि तारखा मूळ पानावर ताडून घ्या. रोज वाचायची काही गरज नाही. अपिलाचा निकाल, ऑक्टोबरची प्रायमरी, हिवाळ्यातल्या माघारी, मार्चच्या सुरुवातीला सह्यांची मुदत, एवढ्या वेळा वही उघडली तरी पुष्कळ झालं. अधिकृत यादी आली की शेवटच्या दोन आठवड्यांत टीव्ही-रेडिओवर सगळ्यांना सारखाच वेळ द्यावा लागतो, दीड टक्क्यावाल्यालाही, तेव्हा नाताली आर्तो यांच्यासारखे छोटे उमेदवार ऐका, २०१२ पासून त्या दरवेळी कामगारांची बाजू घेऊन उभ्या आहेत आणि मोठे लोक जे बोलत नाहीत ते त्या बोलतात.

मतदानाच्या रात्री पॅरिसला ८ वाजता पहिले आकडे येतात, आपले साडेअकरा. हे आकडे बाहेर पडणाऱ्या मतदाराला विचारून काढलेले नसतात, ७ वाजता बंद झालेल्या निवडक केंद्रांवर खरी मतं मोजून काढलेले असतात, म्हणून बरेच नेमके असतात. त्याच्या आधी संध्याकाळी बेल्जियमच्या साईटवरून जे आकडे फिरतात ते सोडून द्या. पण दुसरा आणि तिसरा जवळ जवळ असतील तर घाई करू नका, मोठ्या शहरांची मोजणी उशिरा संपते, २०२२ ला मेलांशाँ रात्रभर वर सरकत होते, त्यामुळं आपल्याकडं पहाट व्हायच्या आत तिसरं नाव खोडू नका.